भांडी निवडणारी आक्का

भांडं हातात आलं की आक्का आधी ते उपडं करायची. बूड बघायची, काठावरून अंगठा फिरवायची, मग डाव्या हाताच्या तीन बोटांवर ते तोलून धरायची आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं त्यावर एकच ठोका मारायची. "बोलू दे त्याले," म्हणायची. तेवढा वेळ दुकानात कोणीही बोलायचं नाही. दुकानदारसुद्धा.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. कुणाचं पोट दुखलं की जिला बोलावतात, किंवा बाळंतिणीच्या अंगाला तेल लावायला जिला नेतात, तशी. आमच्या भेस्तानच्या, मागावर काम करणाऱ्यांच्या खोल्यांमध्ये आक्का वस्तू निवडायला होती. लग्नाची भांडी असोत, नवी बादली असो, साधं लाटणं असो, आक्काला विचारल्याशिवाय कुणी घ्यायचं नाही. ती आमची नात्याची कुणी नव्हती. पारोळ्याकडची होती आणि आम्हीही तिकडचेच, एवढंच. घरात अहिराणी बोलायची, दुकानात मोडकीतोडकी गुजराती. तिचं बोलणं मी इथे बरंचसं साध्या मराठीत लिहिते आहे, पण काही वाक्यं मला बदलावीशी वाटत नाहीत.

बाजारातला भांडीवाला तिला दुरून येताना पाहिलं की हात जोडायचा. "आवो मासी! आजे कोनो वारो?" आज कुणाची पाळी, असं तो विचारायचा. तिनं चार-पाच भांड्यांवर ठोके मारले की ओरडायचा, "मासी, ठोकी ठोकीने मारां वासण तोडी नाखशो!" ठोकून ठोकून माझी भांडी फोडाल.

"तूटे ते तारां, नी तूटे ते मारां," आक्का म्हणायची. फुटेल ते तुझं, न फुटेल ते माझं. तिच्या गुजरातीत एवढं एकच वाक्य बिनचूक होतं आणि ते ती रुबाबात म्हणायची.

एकदा शेजारचे काका तिला बादली घ्यायला घेऊन गेले. तीन तासांनी दोघं रिकाम्या हातानं परत आले. काकांचा चेहरा पडलेला. काकूंनी विचारलं, "काय झालं, बादली मिळाली नाही का?"

"बादली नव्हतीच तिथं," आक्का म्हणाली. "बादलीसारखं काहीतरी होतं."

लाटणं ती फरशीवर गडगडत सोडायची. सरळ गेलं तर घ्यायचं, कुठे वळलं तर परत. चाळणी उन्हात धरून बघायची. सांडशीनं दुकानातलंच एखादं भरलेलं पातेलं उचलून दाखव म्हणायची. समोरच्या खोलीतल्या नव्या सुनेला फुलाफुलांचा थर्मास आवडला होता. आक्कानं त्याचं झाकण तीनदा लावलं, तीनदा काढलं आणि विचारलं, "यात चहा ठेवायचा का याची पूजा करायची?" सून रडकुंडीला आली. पण तिला दुसरा, साधा थर्मास शोधून दिला तेव्हाच आक्का दुकानातून उठली. तो थर्मास अजून आहे.

हे सगळं ती हौसेनं करायची असं वाटेल, पण तसं नव्हतं. मी तिला कधी ताजीतवानी पाहिलीच नाही. ती मागाच्या कारखान्यात सूत गुंडाळून कांडी भरायच्या मशीनवर होती, दिवसाचे बारा तास उभी. सुट्टीच्या दिवशी लोक तिला बाजारात न्यायचे. दुकानापाशी पोहोचलं की ती आधी पायरीवर बसायची, डोळे मिटायची, आणि बोट वर करून "थांबा जरा" अशी खूण करायची. बाकीचे उन्हात उभे राहायचे. मग पदरानं तोंड पुसून आत जायची.

मी एकदा विचारलं होतं, "आक्का, तुला कंटाळा नाही येत?"

"येतो ना. पण आपण आधीच दमलेले, पोरी. घरातल्या वस्तूनं तरी आणखी दमवू नये."

मग तिनं तिच्या तव्याची गोष्ट सांगितली. तिच्या लग्नात मामानं घाईघाईत तवा घेतला होता. त्याचं बूड सरळ नव्हतं. तो चुलीवर डुलायचा. भाकरी टाकली की एका बाजूला कलायचा, सावरायला गेलं की चटका. "अकरा वर्षं डुलला तो," आक्का म्हणाली. "रोज दोन वेळा. त्या तव्यानं मला जेवढं दमवलं तेवढं नवऱ्यानंबी नाही." तिचा नवरा तिथेच बसला होता. तो हसला आणि म्हणाला, "मी गुणाचा ठरलो, हे तवा घेणाऱ्याचे उपकार."

आता मी यात कशी आले ते सांगते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. सकाळचं कॉलेज, दुपारी घरी. मी पहिल्या वर्षाला असताना एकदा आक्का दारात आली आणि आईला म्हणाली, "हिला माझ्यासोबत पाठव. शिकलेलं माणूस बरोबर असलेलं बरं." मला वाटलं, डब्यावरचं वाचून दाखवायला नेत असेल. पण डब्यावर वाचण्यासारखं काही नसायचं. मला फक्त शेजारी उभं करायची. भांडं वाजवायची आणि माझ्याकडे बघायची.

मला वाटायचं ती मला शिकवते आहे. मी लक्ष देऊन ऐकायची. चांगल्या भांड्याचा आवाज हवेत थोडा राहतो, लांबतो. जिथे जोड कच्चा असतो किंवा पत्रा एकसारखा नसतो तिथे आवाज बद्द येतो, लगेच बसतो. दोन-चार महिन्यांत मला ते कळायला लागलं. एकदा तिनं एक मोठा डबा वाजवला, मला आवाज आवडला नाही, पण मी काही बोलले नाही. तेवढ्यात तीच म्हणाली, "नको, याचा आवाज बसलेला आहे." मला इतका आनंद झाला! मला जे ऐकू आलं तेच तिलाही ऐकू आलं होतं. घरी येऊन मी ताईला सांगितलं की मला आक्काची विद्या यायला लागली आहे. ताई म्हणाली, "मग कॉलेज सोड आणि भांड्यांचं दुकान टाक."

दोन वर्षं मी अशी तिच्याबरोबर हिंडले. मग ताईचं लग्न ठरलं. मुलगा तापीपलीकडच्या कोसाडचा होता, त्याचे वडीलही मागावर काम करायचे. आमच्यात मुलीला पाच भांडी द्यायची पद्धत आहे, आणि त्यात हंडा पितळेचाच हवा. ही पाच भांडी मांडवात मांडतात. नवऱ्याकडच्या बायका येऊन ती हातात घेऊन बघतात. भांडं कसं आहे यावरून मुलीचं माहेर कसं आहे ते ठरतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण ते तसं आहे.

त्या दिवशी आई, ताई, आक्का आणि मी, आम्ही चौघी सकाळपासून बाजारात होतो. परात, पातेलं, ताट, तांब्या झाला. हंडा काही जमेना. तीन दुकानं झाली. चौथ्या दुकानात आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. आईचे पाय सुजले होते. ती दुकानाच्या खांबाला टेकून उभी होती. माझी दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. दुकानदारानं एक हंडा खाली काढला. सुंदर होता. ताई त्यात वाकून स्वतःचं तोंड बघत होती आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसत होती.

आक्कानं हंडा उपडा केला. अंगठा फिरवला. पोटावर ठोका मारला.

आवाज बद्द आला. फार नाही, पण आला. मला तो स्पष्ट ऐकू आला.

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे पाहिलं, आईच्या पायांकडे पाहिलं. मला वाटलं, आक्काला कळत नाही असं कसं होईल? मी कोण सांगणार? आणि खरं सांगायचं तर मला घरी जायचं होतं. मी हसले.

"छान बोलतो," आक्का म्हणाली. "हाच घ्या."

लग्नात हंड्याचं कौतुक झालं. आक्काला मुद्दाम बोलावून बायकांनी विचारलं की कुठून घेतला. ती नवं लुगडं नेसून आली होती आणि पहिल्या पंगतीला जेवली.

आठ दिवसांनी कोसाडहून निरोप आला. ताईच्या सासूनं हंडा पहिल्यांदा भरून ओट्यावर ठेवला होता. दुपारी ओटा ओला. पोटाच्या जोडातून पाणी झिरपत होतं. सासू ताईला म्हणाली, "माहेरी बघणारं कुणी नव्हतं का, का बघूनच गळका दिला?" ताईचे दीर पाणी प्यायला आले की विचारायचे, "वहिनी, पाणी हंड्यात आहे का ओट्यावर?" ताई मला फोनवर हे सांगताना हसायचा प्रयत्न करत होती. निरोप आला त्या दिवशी माझ्या आईनं भाकरी खाल्ली नाही.

आमच्या नळावर बायका बोलायला लागल्या. "आक्काचा हात गेला आता." कुणी म्हणालं, "दुकानदाराशी तिचं काही असेल." खरं काय ते मला ठाऊक होतं. पण मी कळशी भरली आणि घरी आले. आक्का नळावर यायची तेव्हा बायका गप्प व्हायच्या. ती कुणाला काही विचारायची नाही. आपली पाळी आली की भरायची आणि जायची.

चार-पाच दिवस मी असे काढले. मग सुट्टीच्या दिवशी तिच्या खोलीवर गेले. ती दाराकडे पाठ करून परातीत डाळ निवडत बसली होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले. तिच्या तोंडाकडे बघून बोलायचा धीर नव्हता, त्यामुळे पाठ होती ते बरंच वाटलं. मी सगळं सांगितलं. की आवाज बद्द होता. की मला तो ऐकू आला होता. की मी मुद्दाम बोलले नाही. बोलताना मला रडू आलं.

आक्का डाळ निवडत राहिली. एक खडा तिनं उचलून बाजूला टाकला. मला वाटलं, ती मला माफ करणार नाही. मी परत फिरले. तेव्हा माझी सावली परातीवरून सरकली आणि ती दचकून वळली.

"कव्हय उनी वं पोरी?" ती म्हणाली. कधी आलीस? "हाक का नाही मारली?"

आमच्या वस्तीत सगळेच मोठ्यानं बोलतात. मागाच्या आवाजात आयुष्य गेलेली माणसं. बाहेरचं कुणी आलं तर त्याला वाटतं इथे भांडण चाललंय. त्यामुळे आक्का मोठ्यानं बोलते, समोर येऊन उभी राहून बोलते, यात कुणाला कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. मलाही नाही. दोन वर्षं तिच्याबरोबर हिंडूनही नाही.

मी आत जाऊन तिच्या समोर बसले आणि सगळं परत सांगितलं. या वेळी ती माझ्या ओठांकडे बघत होती. माझं झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"मंग हासनी कसाले?"

मग हसलीस कशाला. "दमले होते, आक्का," मी म्हटलं.

"दमली होतीस," ती म्हणाली. तिनं परात बाजूला सरकवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसती बघत बसली, जणू मी तिचीच काहीतरी जुनी तक्रार तिला परत ऐकवली होती.

मग तिनं सांगितलं. उजवा कान आधी गेला, मग डावा. ठोका मारला की तिच्या बोटाला कळायचं, पण आवाज यायचा नाही. म्हणून ती मला नेऊ लागली. "तुझं तोंड लपवत नाही काही," ती म्हणाली. "भांडं खराब असलं की तुझ्या कपाळाला आठी पडते. मी भांड्याकडे बघतच नव्हते. तुझ्याकडे बघत होते."

"मला सांगायचं तरी, आक्का."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गल्लीला कळलं असतं. मग मला कुणी बोलावलं असतं? कांडी भरायला कान लागत नाहीत, तिथं मला कुणी काही विचारत नाही. पण बाजारात मला हाक मारून नेतात. तेवढं एकच आहे माझं."

एवढं बोलून ती उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "उद्या कोसाडला जायचं. तू चल."

कोसाडचं सांगण्याआधी मी त्यानंतरचं सांगून टाकते. तो हंडा आक्कानं स्वतः नेऊन, गळका जोड झाळून, बुजवून आणला. आपल्या खोलीत भरून कोरड्या फरशीवर ठेवला, दिवसभर त्याच्या भोवती हात फिरवून बघितलं, आणि मगच परत पाठवला. ताई अजून तोच वापरते. तिला ऐकू येत नाही हे गल्लीला कळलं आणि त्यानंतर तिला बाजारात कुणी नेलं नाही. कुणी वाईट वागलं असं नाही. लोक तिच्याशी आणखी मोठ्यानं बोलायला लागले, एवढंच. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या मालकानं कारखाना पलसाण्याकडे हलवला. रोज तेवढं लांब जाणं नवऱ्याला झेपेना. दोघं गावाकडे गेली. त्यांच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. माझं कॉलेज संपत आलं आहे. मी आईला खरं सांगितलं, पण आक्का गेल्यावर. आईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आधी सांगायचं होतंस. मी तिच्याशी नळावर बोलले नाही गं."

म्हणून हे लिहिते आहे. चूक तिच्या कानांची नव्हती.

तर कोसाड. आम्ही स्टेशनपर्यंत आलो, तिथून दुसरी रिक्षा. तापीच्या पुलावर वारा होता. आक्कानं माझा दंड धरला आणि म्हणाली, "तिथं तू तोंड उघडायचं नाही. तुझं नाव निघालं तर तुझ्या ताईची सासू म्हणेल, सख्ख्या बहिणीनं जाणूनबुजून गळका हंडा दिला. ते जन्मभर पुरेल तिला. माझं काय, मी परकी."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी मान हलवली.

ताईची सासू दारात बसून साडीला टिकल्या चिकटवत होती. समोर साडी पसरलेली, बोटाला गोंद. तिनं वर पाहिलं आणि परत काम सुरू केलं. ताई आतून आली, मला पाहून तिथेच थांबली. आक्काला बस म्हणाली. आक्का बसली नाही.

"विहीणबाई," ती म्हणाली, "हंडा मी निवडला होता. मना कान गयात. दोन वर्षं झाली, मी कुणाला सांगितलं नाही. पोरीच्या आईबापाचा यात दोष नाही. पोरीला बोलू नका."

ती हे नेहमीसारखं मोठ्यानं बोलली. शेजारच्या दोन बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. ताईनं पदर तोंडाला लावला.

सासूनं मान वर केली नाही. टिकली लावता लावताच बोलली. "ठीक आहे. सुनेला मी काही बोलणार नाही. तिचा काय दोष. पण बाई, बहिऱ्या माणसानं दुसऱ्याच्या लेकीचा संसार निवडायला निघू नये. घरी बसावं आता."

तिची मान खाली होती, त्यामुळे आक्काला ओठ दिसले नाहीत. ती माझ्याकडे वळली.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली, दुकानात बघायची तशीच, काय झालं ते कळण्यासाठी. ताई बोलण्यांतून सुटली होती, ते माझ्या तोंडावर आलं असेल. आक्काला जे ऐकवलं गेलं, तेही आलं असेल. मला ते लपवता आलं असतं. मी हसू आणलं नाही.

आक्कानं दोन्ही वाचलं. हळूच मान हलवली. "बरोबर आहे तुमचं," ती सासूला म्हणाली. मग दाराजवळच्या ओट्यावरचा हंडा उचलून कमरेवर घेतला आणि पायऱ्या उतरली.

गल्ली अरुंद होती. ती मधोमध चालली होती, रिकामा हंडा कमरेवर, पाय ओढत. मागून एक रिक्षा भोंगा वाजवत आली. रिक्षावाला वैतागून ओरडत होता, "ए मासी, बाजूए! बाजूए!" आक्का तशीच चालत होती. मी धावत पुढे गेले आणि तिचा हात धरून तिला भिंतीकडे ओढलं. ती दचकली, तिनं रिक्षाकडे बघितलं, मग माझ्या बाजूला सरकून चालू लागली. रिक्षा निघून गेली तरी मी हात सोडला नाही.